नाण्याच्या पेटीपासून घरच्या पेटीपर्यंत

१९७१च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, ट्रेसिडर युनियन या विद्यार्थ्यांच्या इमारतीत, एक खेळाची पेटी उभी राहिली. नाणं टाकलं की पडद्यावर दोन अवकाशयानं एकमेकांवर मारा करू लागत. एका डावाला दहा सेंट, पाव डॉलरला तीन डाव. नुकताच स्टॅनफर्डमधून बाहेर पडलेला बिल पिट्स आणि त्याचा शाळासोबती ह्यू टक यांनी ती बनवली होती. मूळ खेळ एमआयटीतला. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ लिहिला होता आणि तो एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात फुकट फिरत होता. पिट्स आणि टक यांनी त्याला नाण्याची फट जोडली. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधानं तेव्हा विद्यार्थी पेटलेले होते, म्हणून नावातून ‘वॉर’ काढून त्यांनी ‘गॅलक्सी गेम’ असं नाव ठेवलं.

पेटी चालवायला त्यांनी पीडीपी-११/२० हा खराखुरा संगणक विकत घेतला. सगळा खर्च वीस हजार डॉलरच्या घरात गेला. दहा सेंटांच्या नाण्यांनी ही रक्कम वसूल करायची तर दोन लाख डाव व्हायला हवेत! तरी ही पेटी, पुढे सुधारलेल्या रूपात, १९७९ पर्यंत तिथे चालू होती. आज ती माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमकडे आहे.

घरी आर्केड पेटी बांधणारा आजचा हौशी माणूस नेमकं हेच करतो. लाकडी पेटी, तिच्या पोटात एक सर्वसाधारण संगणक, आणि त्यावर खेळ. या धंद्याची ही अगदी पहिली कल्पना होती. पैशांनी तिचा घात केला. मग चाळीस वर्षं धंदा वेगळ्याच वाटेनं गेला आणि संगणक पस्तीस डॉलरला मिळू लागला तेव्हा ती कल्पना परत आली. मधल्या वाटेवर शेकडो खेळ कायमचे हरवायच्या बेतात होते. ते कोणी आणि कसे वाचवले, हा या छंदाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

पिट्स आणि टक यांच्या त्याच दिवसांत, त्याच परिसरात, नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी हे दोघेही ‘स्पेसवॉर’ला नाण्याची पेटी करण्याच्या खटपटीत होते. त्यांनीही आधी छोटा संगणक वापरून पाहायचं ठरवलं होतं. हिशेब जमेना. परवडणारा संगणक फार संथ होता आणि वेगवान संगणक परवडत नव्हता. तेव्हा त्यांनी संगणक काढूनच टाकला आणि साध्या लॉजिक चिपांची जुळणी करून, फक्त हाच एक खेळ खेळू शकेल असं सर्किट बनवलं. नटिंग असोसिएट्सनं ते ‘कॉम्प्युटर स्पेस’ नावानं, फायबरग्लासच्या वळणदार चकचकीत पेटीत बाजारात आणलं. नावात कॉम्प्युटर, पोटात मात्र नाही.

पुढच्या वर्षी दोघांनी अटारी कंपनी काढली. नव्यानं नोकरीला लागलेल्या ॲल अल्कॉर्नला सराव म्हणून एक सोपा खेळ करायला दिला: दोन फळ्या आणि एक चेंडू. तो ‘पाँग’. दुकानातून आणलेला हिताची कंपनीचा काळा-पांढरा टीव्ही, लाकडी पेटी आणि चिपांची जुळणी असा पहिला नमुना सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या दारूच्या गुत्त्यात ठेवला. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न जाऊन पाहतो तर बिघाड कसलाच नव्हता, नाण्यांचा डबा काठोकाठ भरून नाणी अडकली होती. ही गोष्ट या धंद्यात पन्नास वर्षं सांगितली जाते आणि तिचा अर्थ प्रत्येक गल्लेवाल्याला लगेच कळतो.

पण ‘पाँग’मध्ये प्रोग्रॅमची एकही ओळ नव्हती. खेळ म्हणजेच तारा आणि चिपांची जोडणी. नवा खेळ हवा तर नवं सर्किट आखायचं, नवं यंत्र बनवायचं. खेळ पेटीला असा जखडलेला होता की एकाला दुसऱ्यापासून सोडवणं शक्यच नव्हतं.

मायक्रोप्रोसेसर आला आणि पहिली गाठ सैल झाली. १९७५ मध्ये मिडवेच्या ‘गन फाइट’मध्ये इंटेलचा ८०८० बसला. १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी त्याच चिपवर ‘स्पेस इन्व्हेडर्स’ उभा केला. या खेळातली एक गोष्ट बारकाईनं पाहण्यासारखी आहे. परग्रहवासी अकरा-अकराच्या पाच रांगांत, एकूण पंचावन्न. बिचाऱ्या प्रोसेसरला सगळ्यांना एकदम हलवणं झेपत नव्हतं, म्हणून पडद्याच्या प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, तो एकालाच पुढे सरकवी. पंचावन्न जण असताना सगळी फौज एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागे. जसजसे ते मरत, तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि फौज वेगानं धावू लागे. शेवटचा एकटा उरला की तो सुसाट सुटे. खेळाडूच्या छातीत धडधड वाढवणारी ही युक्ती यंत्राच्या तोकडेपणातून आली. निशिकादोंनी ती ओळखली आणि तशीच ठेवली.

पेट्याही साध्या नव्हत्या. ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या उभ्या अमेरिकन पेटीत पडदा खेळाडूच्या समोर नसेच. तो आत पेटीच्या पोटात असे आणि त्याचं प्रतिबिंब अर्धपारदर्शक आरशातून चंद्राच्या रंगवलेल्या देखाव्यावर पडे. पडदा काळा-पांढरा, त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या. जपानच्या कॉफीगृहांत हाच खेळ टेबलाच्या काचेखाली बसवलेला असे. कप बाजूला सरकवायचा आणि खेळायचं. आज हा खेळ पडद्यावर हुबेहूब उभा करता येतो. आरसा आणि मागचा चंद्र मात्र ज्याला हवा असेल त्याला सुताराकडूनच करून घ्यावा लागतो.

१९८० मध्ये नामको कंपनीच्या तोरू इवातानींचा ‘पॅक-मॅन’ आला. झायलॉगचा झेड८० प्रोसेसर, वेग ३.०७२ मेगाहर्ट्झ. पडदा उभा, २२४ बाय २८८ ठिपक्यांचा. खेळाचा सगळा प्रोग्रॅम चार चिपांत मिळून १६ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा सकाळच्या शुभेच्छांचा एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्या १६ किलोबाइटांत चार भुतांचे चार स्वभाव होते, आणि एक प्रसिद्ध चूकही होती. पातळीचा आकडा एका बाइटात मावतो तोवरच ठीक. २५६व्या पातळीला गणित उलटतं आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्यानं भरतो.

प्रोग्रॅम चिपांत आल्यावर तीच पेटी दुसऱ्या खेळाला वापरणं शक्य झालं. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेला याची गरज पडली. ‘रडार स्कोप’ या खेळाची तीन हजार यंत्रं मागवली होती, त्यातली सुमारे दोन हजार गोदामात पडून राहिली. तरुण शिगेरू मियामोतोला त्याच यंत्रांवर चालेल असा नवा खेळ करायला सांगितलं आणि १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ जन्मला. पडलेली यंत्रं उघडून, चिपा बदलून, नवी चित्रं चिकटवून विकली गेली. मारिओचा जन्म पेटीच्या फेरवापरातून झाला, असं म्हणायला काहीच हरकत नाही.

खरी फारकत मात्र जपानी उत्पादकांच्या संघटनेनं केली. तिच्या आद्याक्षरांवरून ओळखलं जाणारं ‘जामा’ हे मानक १९८५ मध्ये आलं. बोर्डाच्या काठावर ५६ पट्ट्या, प्रत्येकीचं काम ठरलेलं. वीज कुठून येणार, लाल-हिरवा-निळा रंग कुठून जाणार, स्पीकर, नाणं, दोन्ही खेळाडूंच्या काठ्या आणि प्रत्येकी तीन बटणं. एक बोर्ड उपसायचा, दुसरा खोचायचा, वरची चित्रपट्टी बदलायची की पेटी नव्या खेळाला तयार. १९९१ मध्ये कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’ला सहा बटणं लागली तेव्हा वेगळी जास्तीची वायर ओढावी लागली, पण असे अपवाद थोडे.

भारतातली व्हिडिओ गेम पार्लर या मानकामुळेच तगली. पेटी आयात करण्याची गरज उरली नाही. सुतारानं प्लायवूडची पेटी ठोकायची, वर सनमायका, आत टीव्हीची ट्यूब, आणि बाहेरून यायचा तो फक्त बोर्ड. पुष्कळदा तोही नकलीच असे. शाळेजवळचा एखादा गाळा, एसटी स्टँडाची मागची बाजू, सिनेमागृहाचा व्हरांडा अशा जागी चार पेट्या उभ्या राहिल्या की पार्लर झालं. गल्ल्यावर पैसे देऊन टोकन घ्यायचं. महाराष्ट्रातल्या नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांना ‘मुस्तफा’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथांवरून कॅपकॉमनं तो १९९३ मध्ये काढला. चार पात्रांपैकी एक मुस्तफा कैरो, आणि भारतभर सगळा खेळच त्याच्या नावानं ओळखला गेला.

पालकांचा आणि पोलिसांचा मात्र या गाळ्यांवर डोळा असे. काही यंत्रं उघड जुगाराची होती आणि ती एकाच छपराखाली असत. परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात १९९५ मध्ये न्यायालयानं व्हिडिओ गेमच्या जागांवर परवान्याचं नियंत्रण ठेवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. मग घरात प्लेस्टेशन आलं, कोपऱ्यावर सायबर कॅफे आले आणि गाळ्यांचे भाडेकरू बदलले. पेट्यांचं प्लायवूड जळणात गेलं, बोर्ड भंगारात.

‘मुस्तफा’ची गोष्ट त्यामुळेच जास्त लागते. कॅपकॉमचा हा खेळ त्या काळच्या कुठल्याच घरगुती गेम यंत्रावर आला नाही. तो जिथे होता ती पार्लरं गेली, म्हणजे तो गेलाच. शिवाय त्याच्या बोर्डावर बॅटरीच्या जोरावर टिकणारं कुलूप होतं. ध्वनीचा प्रोग्रॅम कूटबद्ध, आणि बॅटरी संपली की बोर्ड नीट चालेनासा होतो. कॅपकॉमच्या पुढच्या पिढीच्या, ‘सीपीएस-२’ बोर्डांत तर उलगडा करणारी किल्ली बॅटरीवरच्या स्मृतीत ठेवलेली असे. नकला रोखण्यासाठी केलेली ही सोय अस्सल बोर्डांच्याच जिवावर उठली. त्यात नैसर्गिक मरणाची तारीखच लिहून ठेवली होती.

असे मरू घातलेले खेळ वाचवण्याची वाट एका प्रोग्रॅमनं दाखवली. इटलीच्या निकोला साल्मोरियानं ५ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘मेम’ या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. एकच प्रोग्रॅम, पण वेगवेगळ्या आर्केड बोर्डांचं सोंग घेणारा. ‘पॅक-मॅन’साठी तो झेड८० होतो, ‘स्ट्रीट फायटर २’साठी मोटोरोलाचा ६८००० होतो, ध्वनीची चिपही स्वतःच होतो. मूळ चिपांतून वाचून काढलेला प्रोग्रॅम, ज्याला सगळे रॉम म्हणतात, त्याला आपण खऱ्या बोर्डावर नाही याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधले परग्रहवासी मेममध्येही मरता मरता वेग घेतात. तो वेग कोणी मुद्दाम घातलेला नाही, जुनाच प्रोग्रॅम जुन्याच तोकडेपणानं चालतो.

हा प्रकल्प हळूहळू जगभरच्या हौशी अभियंत्यांचा झाला. बोर्ड विकत घ्यायचे, चिपा उपसून वाचायच्या, सर्किट समजून घ्यायचं, ते प्रोग्रॅमच्या रूपानं लिहून ठेवायचं. वाचता न येणाऱ्या चिपा आम्लानं उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापर्यंत मजल गेली. सीपीएस-२ची कूटपद्धत अनेक वर्षं कोणाला उलगडत नव्हती. २००७ मध्ये आंद्रेआस नाइव्ह या टोपणनावाचा अभ्यासक आणि साल्मोरिया यांनी ती सोडवली, आणि बॅटरीबरोबर मरणारे बोर्ड निदान कागदोपत्री अमर झाले. २०१६ मध्ये मेमचं लायसन्स खऱ्या अर्थानं मुक्त झालं. या कामाला पगार नव्हता, कंपन्यांचा पाठिंबा तर नव्हताच. ज्यांनी हे खेळ बनवले त्यांपैकी अनेकांनी मूळ प्रोग्रॅम जपून ठेवले नाहीत. ते जपले परक्यांनी, आणि हे ऋण मोठं आहे.

खेळ आता संगणकावर चालू लागले. पण बाणांच्या कळा दाबून ‘पॅक-मॅन’ खेळण्यात काही राम नाही. उभं राहून, हात टेकवून, काठी खटखट हलवून खेळायचा तो खेळ. तेव्हा लोक पेटीकडे परतले.

सुरुवात कीबोर्ड फोडण्यापासून झाली. कीबोर्डातली छोटी पट्टी काढायची, प्रत्येक कळीच्या दोन तारा शोधायच्या, त्यांना बटणं सोल्डर करायची. काम किचकट, आणि कीबोर्डाची जात अशी की तीन-चार कळा एकदम दाबल्या तर एखादी गिळली जाई किंवा न दाबलेलीच दाबल्यासारखी होई. दोन जण मारामारीचा खेळ खेळत असताना हे चालायचं कसं? ब्रिटनमधल्या अँडी वॉर्न यांच्या अल्टिमार्कनं ‘आय-पॅक’ ही पट्टी विकायला काढली, तिच्यात प्रत्येक बटणाला स्वतंत्र जागा होती. जॉन सेंट क्लेअर यांनी २००४ मध्ये ‘प्रोजेक्ट आर्केड’ हे पुस्तक लिहिलं आणि पेटीचे आराखडे, लाकूडकाम, वायरिंग सगळं एका जागी आलं. छंदाला पाठ्यपुस्तक मिळालं.

अडचण उरली ती पोटातल्या संगणकाची. जुना पीसी खालच्या कप्प्यात ठेवायचा, त्याचा पंखा घरघरणार, उन्हाळ्यात पेटी तापणार, विंडोज सुरू व्हायला वेळ लागणार, आणि मध्येच कसलीतरी चौकट पडद्यावर उगवणार. भली थोरली पेटी लागे ती बरीचशी या पीसीसाठीच.

त्याच सुमारास केंब्रिजमध्ये इबेन अप्टन यांना वेगळीच काळजी लागली होती. विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना प्रोग्रॅमिंगचा हात उरलेला नाही, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. ऐंशीच्या दशकातली ब्रिटिश मुलं १९८१ मध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोवर स्वतःच धडपडत शिकली होती. तसा स्वस्त, मोडला तरी रडू न येणारा संगणक पुन्हा हवा, म्हणून २००९ मध्ये रास्पबेरी पाय फाउंडेशन ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डेव्हिड ब्रेबेन होते. १९८४ मध्ये इयन बेल यांच्या जोडीनं बीबीसी मायक्रोवरच ‘एलिट’ हा अवकाशातला खेळ लिहिणारे तेच हे ब्रेबेन. संस्थेनं बनवलेल्या ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकाच्या प्रोसेसरचं घराणंही बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतलंच. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तिथे आखलेली पहिली आर्म चिप १९८५ मध्ये चालू झाली होती.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी पाय विक्रीला आला आणि तो विकणाऱ्या दोन्ही कंपन्यांची संकेतस्थळं गर्दीनं कोलमडली. किंमत ३५ डॉलर, आकार बँकेच्या कार्डाएवढा, ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती. वीज मोबाइलच्या चार्जरवर: पाच व्होल्ट, ७०० मिलीअँपियर, म्हणजे अवघे साडेतीन वॅट. पंखा नाही, आवाज नाही. आणि काठावर २६ उघड्या पिना, ज्यांना थेट तारा जोडता येतात. बनवणाऱ्यांच्या मनात शाळकरी मुलं होती. पेटीवाल्यांनी मात्र एका नजरेत ओळखलं की आपण ज्याची वाट पाहत होतो ते हेच.

त्याच वर्षी जर्मनीतल्या फ्लोरियान म्युलर यांनी ‘रेट्रोपाय’ सुरू केलं. मेमोरी कार्डावर ते भरायचं, कार्ड पायमध्ये खुपसायचं, की पडदा थेट खेळांच्या यादीवर उघडतो. शे सिल्व्हरमन यांचं ‘पायमेम’ही त्याच काळातलं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पिमोरोनी या छोट्या कंपनीनं ‘पिकेड’ नावाची टेबलावर मावणारी जुळणीची पेटी लोकवर्गणीतून काढली. या कंपनीच्या संस्थापकांपैकी पॉल बीच यांनीच रास्पबेरी पायचं बोधचिन्ह काढलं होतं. पहिल्या पायची ताकद बेताची असल्यानं त्यावर मेमची जुनी, हलकी आवृत्ती चालवावी लागे. २०१५च्या फेब्रुवारीत चार गाभ्यांचा दुसरा पाय आला आणि ‘मुस्तफा’च्या पिढीचे खेळ सुखानं धावू लागले. वर्षअखेरीस पाच डॉलरचा पाय झीरो एका मासिकाच्या मुखपृष्ठाला चिकटवून वाचकांना दिला गेला. ‘गॅलक्सी गेम’च्या वीस हजार डॉलरच्या पेटीपासून मासिकाबरोबर मिळणाऱ्या संगणकापर्यंत चव्वेचाळीस वर्षं लागली.

आज अशी पेटी बांधणारा माणूस बहुतेक वेळ संगणकावर घालवतच नाही, लाकूड आणि तारांवर घालवतो. महाराष्ट्रात मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही या सामानाची नेहमीची ठिकाणं. पेटीला अठरा मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड घ्यावं. परदेशी आराखड्यांत एमडीएफ सुचवलेलं असतं, पण मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ते कडांपासून फुगू लागतं. हातांची फळी आधी पुठ्ठ्यावर कापून तिच्यावर मनगट टेकवून पाहावं. बटणांतलं अंतर कागदावर कितीही बरोबर दिसलं तरी निर्णय बोटांनीच द्यायचा असतो.

बटणाखाली मायक्रोस्विच असतो, त्याला तीन पाती. एक सामाईक, एक एरवी उघडं, एक एरवी बंद. सामाईक आणि एरवी उघडं ही दोनच वापरायची. सगळ्या बटणांची सामाईक पाती एकाच काळ्या तारेनं ओवत न्यायची आणि ती पायच्या ग्राउंडला जोडायची. प्रत्येक बटणाची दुसरी तार वेगवेगळ्या पिनेला. काठीच्या चार दिशा, सहा बटणं, एक सुरू करायचं आणि एक नाण्याचं, म्हणजे एका खेळाडूला बारा तारा, दोघांना चोवीस. २०१४ पासून पायवर चाळीस पिना आहेत आणि त्यांतल्या सव्वीस मोकळेपणी वापरता येतात, त्यामुळे दोघांचं सगळं त्यात मावतं. पिनांना ३.३ व्होल्टच सोसतात. पाच व्होल्टची तार चुकून लागली तर पाय जळू शकतो, म्हणून जोडणी दोनदा तपासल्याशिवाय प्लग लावू नये.

काठीची गोष्ट तर पहिल्या दिवशीच समोर येते. ‘पॅक-मॅन’ची मूळ काठी चारच दिशांना हले. मारामारीच्या खेळांना आठ दिशा लागतात, म्हणून लोक आठ दिशांची काठी बसवतात आणि मग चक्रव्यूहाच्या कोपऱ्यावर पॅक-मॅन अडतो, कारण हात तिरका गेलेला असतो. चांगल्या काठीच्या बुडाशी एक चौकट असते, ती फिरवली की तिरक्या दिशा बंद होतात. जुन्या पेट्यांत ‘ट्यूब’चे ठिपके गोलसर, एकमेकांत मिसळलेले दिसत. आजच्या सपाट पडद्यावर तेच ठिपके ठोकळ्यासारखे कडक दिसतात. त्यावर जुन्या पडद्याच्या रेषांचा भास निर्माण करणारे फिल्टर आहेत. तरी ज्यांच्याकडे चालू स्थितीतली जुनी ट्यूब आहे त्यांनी ती टाकू नये. तिची बरोबरी अजून कशालाच करता आलेली नाही. आणखी एक जुनी सवय सोडावी लागते. पार्लरवाला रात्री मेन स्विच खाली ओढून घरी जाई, तसं पायचं केलं तर कार्डावरचा मजकूर खराब होण्याची भीती असते. म्हणून एक वेगळं बटण फक्त नीट बंद करण्यासाठी ठेवावं.

एवढा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी २०१८ पासून आर्केड वन-अप नावाच्या तीन चतुर्थांश उंचीच्या तयार पेट्या मिळतात. त्याआधीपासून शेकडो खेळ भरलेले ‘पँडोराज बॉक्स’ हे चिनी बोर्ड बाजारात आहेत. ते जामाच्या त्याच ५६ पट्ट्यांत खोचायचे. चटकन काम होतं, पण खेळांची निवड, आवाज, वेग यांवर मालकाचा ताबा फारसा राहत नाही आणि त्यातले खेळ कोणाच्या परवानगीनं भरले याचं उत्तर मिळत नाही. २०२१ ते २०२३ या काळात चिपांच्या टंचाईनं पाय दुर्मीळ झाला, तेव्हा अनेकांनी पुन्हा जुने पीसी पेटीत बसवले. पेटी त्यासाठी बदलावी लागली नाही.

रॉमच्या हक्काबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मेम मुक्त आहे, खेळ मुक्त नाहीत. ‘पॅक-मॅन’ आजही कंपनीच्या मालकीचा आहे, ‘मुस्तफा’चेही हक्क शिल्लक आहेत. फुकट उतरवून घेतलेल्या रॉमवर पेट्या बांधून विकणं हा सरळसरळ मालकांच्या हक्कावर घाला आहे. ‘ग्रिडली’सारखे मोजके खेळ हक्कदारांनी मेमच्या संकेतस्थळावर खुले केले आहेत, आणि अनेक जुने खेळ कंपन्या आता रीतसर विकतात. जे विकत मिळतात ते विकत घ्यावेत. जे कोणीच विकत नाही, त्यांच्याबाबतीत कायदा आणि जतन यांच्यातलं भांडण मिटलेलं नाही, आणि ते कंपन्यांनीच पुढे होऊन मिटवायला हवं.

महाराष्ट्रात अजून एक काम पडून आहे. मेमच्या यादीत अस्सल बोर्डांच्या बरोबरीनं नकली बोर्डही नोंदले जातात, कारण नकलांमध्ये बदल असतात आणि त्या बदलांतून एखाद्या भागात लोक काय खेळत होते ते कळतं. आपल्याकडच्या पार्लरांत चाललेल्या नकली बोर्डांपैकी काही कोणी वाचलेलेही नसतील. तुमच्या गावात कोणी पार्लर चालवलं असेल तर त्यांना विचारा, माळ्यावर किंवा दुकानाच्या मागे काही उरलंय का. बोर्ड मिळाला तर लगेच वीज लावू नका. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा. चिपेच्या काचेच्या खिडकीवरचं लेबल सोलू नका, कारण आत उजेड शिरला की चिपेवरचा मजकूर हळूहळू पुसला जातो. चिपा वाचण्याचं यंत्र इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या बऱ्याच कारागिरांकडे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत असतं, त्यावर त्या वाचून घ्या आणि मेमच्या लोकांना कळवा. चिपांतला मजकूर वर्षांगणिक विरत जातो, त्यामुळे हे काम याच वर्षी करा.